जवळच्या दुकानात पाय मापून घ्या

ता. ३ मार्च

चि. धाकल्यास,
थोरलीचे अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला म्हणून तोंड फुगवू नकोस. मी पोलीस चौकीत होते. एका गिऱ्हाइकाची दोन बोटं मोडली मी. आबांचा तो लोखंडी पाय आहे ना, ज्यावर बूट उलटा घालून टाच ठोकतो, तोच हाताशी आला.

आता तू म्हणशील, ताईचं डोकं फिरलं. आधी ऐक. चांगला जाडजूड बाप्या, अंगठ्याला गाठ. तासभर मी त्याच्यापुढे गुडघ्यावर. खोक्यांचा ढीग झाला, मोजेसुद्धा मीच चढवले. शेवटी एक जोड असा बसला की स्वारी खूश. मग त्याने जोड काढला, बुटाच्या तळावरच्या नंबराचा फोटो घेतला आणि निघाला. मी विचारलं, बांधून देऊ का, तर म्हणाला की मावशी, असलाच फोनवर मिळतो, परगावचा विक्रेता आहे, त्याच्या मालाला कर लागत नाही. आमच्या बिलावर सरकारचा कर लागतो, तेवढाच वाचवायला हा माझे गुडघे झिजवून गेला. वर फोन माझ्या नाकासमोर धरतो. त्या विक्रेत्याने स्वतःच लिहिलंय, जवळच्या दुकानात पाय मापून घ्या आणि मग आमच्याकडून मागवा.

चौथीपर्यंतच शिकले असेन, पण एवढं वाचता येतं मला. त्याचा दुसरा हात टेबलावर होता. हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा माझं डोकं थंड झालं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

ते वाक्य ज्याने लिहिलं तो मला सापडू दे. आबांच्या रापीने त्याची जीभ कातड्यासारखी पातळ सोलते की नाही बघ.

बाजारवाल्यांनी मला सोडवून आणलं. आता मी त्यांची पुढारीण. भांडीवाला, कापडवाली, खाटीक, सगळे मिळून मोर्चा काढतोय. मागणी एकच, फोनवरच्या मालालाही आमच्यासारखाच कर लावा.

तुझी बूटदुरुस्तीची टपरी कशी चाललीय? बायको अजून तुझ्या घोरण्याला नावं ठेवते का? ठेवू दे, ती खरीच आहे. लोभ असू दे, नसला तर निदान उत्तर टाक.

तुझी ताई


ता. ८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं. बायकोने विचारलं, कोण गेलं का. म्हटलं कोणी नाही, ताई बरी आहे, फक्त दुसऱ्याची बोटं गेली.

त्या माणसाचं कसं आहे ते कळव. आणि त्याला पसंत पडलेला जोड कुठला होता, काळा की तपकिरी? सहज विचारतो.

ताई, मोर्च्याला जाऊ नकोस. तुझा हात तुझ्या ताब्यात राहत नाही. शिवाय फोनवर विकणारे सगळेच काही महालात लोळत नसतील. कोणी एका खोलीत, खाटेखाली कातडं ठेवून, नवरा-बायको मिळून शिवत असतील. जिथे जिथे माल जाईल तिथला वेगळा कर त्यांना भरायला लावला, तर ते शिवणार कधी? मी आपलं ऐकलेलं सांगतो. त्या वाक्याचंही फार मनावर घेऊ नकोस. पोटाच्या घाईत माणूस काहीही लिहितो.

टपरी बरी चालली आहे. बायकोचा नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे आहे, पण रापी घरी ठेव.

तुझा
धाकला


ता. १७ मार्च

धाकल्या,

आशीर्वाद पुढच्या वेळी. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डाव्याने लिहितेय. वाचायला त्रास होत असेल तर होऊ दे.

मोर्चा नीट चालला होता. चौकात पार्सलची गाडी आडवी आली आणि गाडीवाल्याने भोंगा वाजवला. एवढंच त्याचं पाप. खाटकाने समोरची काच फोडली, गाडीवाल्याला केस धरून खाली ओढलं. भांडीवाला स्वतःच्या दुकानातली कढई घेऊन आला होता, ती त्याने गाडीवाल्याच्या डोक्यात घातली. घण्ण असा आवाज झाला आणि लोक हसले. मीही हसले. मग गाडीला आग लावली.

मी रापी घेऊन गेले होते. हो, मोर्च्याला. पार्सलं ओढायची, फाडायची, आगीत टाकायची. कोणाचे पडदे, कोणाची खेळणी, कोणाचं औषध, सगळं टाकलं. मग एका खोक्यात बूट निघाले. सवयीने मी टाच बघितली, अस्तरात बोट घातलं. तिथे आबांची गाठ. दोन वेढे आणि उलटा फास. ती गाठ जगात दोघांनाच येते आणि मी ती मारली नव्हती. खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता, तो वाचायची गरज नव्हती. तरी वाचला. त्याखाली ते वाक्य छापलं होतंस.

काळा की तपकिरी विचारलंस ना? तपकिरी.

मागून सगळे ओरडत होते, टाक, टाक. माझ्याने टाकवेना. खाटीक बूट हिसकायला आला, मी त्याच्या दंडावर रापी ओढली. त्याने हातातला दांडका माझ्या मनगटावर घातला. दोन ठिकाणी मोडलं. बूट त्याने आगीत टाकले. मी पडले ती नेमकी गाडीवाल्याच्या अंगावर, आणि त्याच्या वाट्याच्या लाथा मला बसल्या. त्यामुळे तो वाचला. डोकं शिवलंय त्याचं. इथे त्याचं कोणी नाही, म्हणून माझ्याच मागच्या खोलीत कण्हत पडलाय.

टपरी म्हणे! माझ्या गिऱ्हाइकांना माझेच गुडघे झिजवायला तू शिकवलंस. हात बरा झाला की तिकडे येते. तुझी बोटं त्याच लोखंडी पायावर ठेवायची आहेत. एकेक करून.

लोभबिभ काही नाही.

ताई


ता. २० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ये. बोटं धुऊन ठेवली आहेत.

तुमचा कर लागला. गाडी जळल्यावर सरकार लगेच जागं झालं. मोठ्या विक्रेत्यांकडे माणसं आहेत, त्यांनी चुटकीसरशी उरकलं. माझ्याकडे मी आणि बायको. या गावचा दर एक, पलीकडच्या गावचा दुसरा. ते जुळवता जुळवता शिवण राहिली, मग दंड आला, मग ज्यांच्यामार्फत मी फोनवर विकायचो त्यांनी माझं दुकानच झाकून टाकलं. त्या दिवशी मी हातोडी घेतली आणि शिलाईचं मशीन फोडलं. चाक उडून भुवईवर बसलं, डोळा थोडक्यात वाचला. तरी मी ठोकतच होतो. मशीनच्या जागी मला तू दिसत होतीस. शेवटी बायकोने हातोडी हिसकावली आणि तिच्याच दांड्याने माझ्या पाठीत दोन घातल्या. तुमचं दोघींचं कधी नव्हे ते एकमत झालं.

ते वाक्य लिहिताना जगातली सगळी दुकानं माझ्या डोळ्यांपुढे होती, तुझं एक सोडून. ज्या दुकानात मी पाय मापायला शिकलो, तेच एक. तुला टपरी सांगितली कारण खरं सांगायची छाती नव्हती.

दुकान झाकायच्या आधी एक शेवटची मागणी आली. तुझ्याच गावातली, बाईचा पाय, करासकट पैसे भरलेली. तो जोड मी रागाने शिवला. आबांची गाठ इतकी आवळली की दोरा बोटात रुतला. अस्तराला रक्त लागलंय, पुसायलाही थांबलो नाही. त्यानंतर कातडं टोचायची आरी ठेवून दिली. महिना संपला की एका मोठ्या विक्रेत्याच्या गोदामात हमालीला जायचं ठरलंय.

लोभ मागायला तोंड नाही. तुझ्याकडे उरला असेल तर तुझ्याकडेच असू दे.

धाकला


ता. ४ मे

चि. धाकल्यास,
अ. उ. आ. मागच्या वेळचेही यातच धर.

कर लागला तेव्हा बाजाराने मला हार घातला. हार सुकायच्या आत एक बाई आली, ढीगभर जोड घालून बघितले, फोटो काढला आणि गेली. मोठ्यांचा माल कर भरूनही स्वस्तच पडतो. मेलास तू एकटा, आणि माझ्या दुकानात माशाच आहेत.

मी लोखंडी पायाकडे बघितलं. उचलला नाही, कारण उचलवतच नाही. हाड वाकडं जुळलंय. मूठ पुरती मिटणार नाही असं डॉक्टर म्हणाला, आणि मी त्याला डाव्या हाताने एक ठेवून दिली. आरी धरवत नाही. गाठ मारायला बसले की दोरा गळून पडतो. म्हणजे ती गाठ आता जगात एकालाच येते, आणि तो गाढव हमालीला निघालाय.

ते शेवटचं गिऱ्हाईक मी. त्या आगीत आबांची गाठ जळताना मी पाहिली, मग राहवलं नाही. गाडीवाल्याने त्याच्या फोनवरून जोड मागवून दिला. तो कामावर परतलाय, पार्सल घेऊन तोच आला. खाटीक समोरच उभा होता. जाता जाता गाडीवाल्याने त्याच्या पायावरून चाक घातलं. मुद्दाम घातलं. पोलिसांना मी सांगितलं की मी तेव्हा बूट घालून बघत होते.

उजवा झकास बसला. डाव्यात तुझ्या रक्ताचा वाळून टणक झालेला डाग आहे आणि तोच अंगठ्याला चावतो. जवळच्या दुकानात पाय मापून घ्यायचा राहिला माझा. ते दुकान तुझ्या चांगल्या ओळखीचं आहे. आबांचा पाट आहे तिथेच आहे. त्यावर बस, माझा पाय मांडीवर घे आणि काय चुकलं ते बघ. आरी आण. बायकोला आण, हातोडीसकट. गोदामात पाऊल टाकलंस तर तंगडं मोडून घरी आणीन, डावा हात अजून चांगला चालतो.

लोभाचं विचारू नकोस. जोड पायातच आहे, काढणार नाही. चावतोय. लवकर ये.

तुझी ताई