निघाला डाग

प्रिय टिचके,

खोकी मिळाली असतील. वर मोठ्या अक्षरांत 'काच, सांभाळून' असं लिहिलंय. चिनी मातीला काच म्हटल्याबद्दल आईने एके काळी माझी चांगली हजेरी घेतली असती.

आपली सगळी जुनी निळी-पांढरी चिनी भांडी तिने तुला एकदम कशी देऊन टाकली, असं तू फोनवर विचारलंस. कपाटात जागा उरली नाही असं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. ते कपाट आता पूर्ण रिकामं आहे.

आठवतं ना, कुणाकडे जेवायला गेलो की ही बाई आधी बशी उलटी करून बुडाची खूण बघायची. एकदा तर भरलेली बशी उलटी केली आणि गालिच्याचं वाटोळं झालं. तू शरमेने टेबलाखाली लपली होतीस. जुन्या बाजारात मात्र तिचा थाट वेगळाच. भांडं उलटं करायचं, बुडाच्या कडेवर, जिथे झिलई नसते तिथे, अंगठा फिरवायचा, नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. नकली निघालं तर एक शब्द न बोलता खाली ठेवून द्यायचं. तिचं बघून तू आजोबांच्या टकलावरही टिचकी मारून पाहिलीस, आणि तेच नाव तुला चिकटलं. ती पारखी आणि मी हमाल, अशी आमची वाटणी. बसमध्ये मांडीवर बरणी धरून मी बसायचो आणि ती वाटभर सांगत राहायची, की हा निळा रंग कच्च्या मातीवर काढतात, झिलई त्याच्यावर चढते, म्हणून जन्मभर घासला तरी तो जात नाही. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी नळ बराच वेळ वाहताना ऐकू आला. जाऊन बघतो तर ती तारेची घासणी घेऊन उभी. हातात ती मोठी बशी, पुलावरून माणसं चाललेली, तुझी आवडती. म्हणाली, डाग जात नाहीत. मला वाटलं थट्टा करतेय, म्हणून मी हसलो. तर ती रडायला लागली.

मग ते रोजचंच झालं. बोटांची सालं निघाली तरी थांबेना. अडवलं की चिडायची, समजावलं की घाबरायची. शेवटी मी दुकानातून साध्या पांढऱ्या बशा आणल्या, आणि तिची नजर वळली की हातातली निळी काढून पांढरी ठेवायला लागलो. निघाला डाग, असं म्हणायचो. तिचा चेहरा असा खुलायचा की काय सांगू. जन्मभर जिला कुणी फसवू शकलं नाही, तिला मी रोज फसवत होतो आणि ती खूश होत होती. माझं काळीज तुटायचं गं. म्हणून एकेक भांडं कागदात गुंडाळलं आणि तुझ्याकडे धाडलं.

आता घरात निळं काही उरलं नाही असं वाटलं होतं. परवा शेजारी बसलो होतो, तर तिने माझा हात ओढून घेतला आणि ओल्या फडक्याने मनगटावरच्या शिरा घासायला लागली. मी घासू दिल्या. दुखत होतं, पण कितीतरी दिवसांत तिने आपणहून माझा हात धरला नव्हता. ती मला आता 'अहो' म्हणत नाही. 'भाऊ' म्हणते, भांडी घासायला ठेवलेला माणूस समजते. शिरा जाईनात, तेव्हा तिने हात उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला, आणि एक शब्द न बोलता खाली ठेवून दिला.

हे फोनवर मला बोलवत नाही, म्हणून लिहितोय. थोड्या वेळाने ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही निघा आता. माझी टिचकी येईल, तिला कळतं खरं कुठलं ते. मीच शिकवलंय तिला." तुझं नाव अजून आहे तिच्याजवळ. माझं गेलं, ते मी सोसेन. तुझंही जायच्या आत ये. सुट्टी मंजूर व्हायची वाट बघू नकोस. ती तेव्हापासून खुर्ची दाराकडे वळवून बसलीय.

तुझाच,
बाबा