नसलेलं टेबल

जळगाव, १४ नोव्हेंबर

प्रिय ललित,

प्रिय लिहिल्याशिवाय पत्र सुरू होत नाही म्हणून लिहिलं, त्यात दुसरं काही शोधू नकोस. फोन करत नाही, कारण फोनवर तू "अक्का, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो" म्हणतोस आणि ते नंतर कधी उगवत नाही. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच.

मार्चमध्ये आबांच्या बहात्तराव्या वाढदिवसाला तू यायचं कबूल केलं होतंस. तू आला नाहीस, तुझं खोकं आलं. आबांनी तो डोक्याला बांधायचा व्हीआर हेडसेट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "वेल्डिंगचा चष्मा काहून पाठवला त्यानं मले?" बंगळूरहून तू सांगितलंस, पाच मिनिटांचं काम आहे. मला तीन संध्याकाळी लागल्या. दिवसभर कारखान्यात ठिबकच्या नळ्या तपासून यायचं आणि चहा बाजूला ठेवून त्या यंत्राची मनधरणी करायची. पहिल्या दिवशी मोबाइलवर ॲप घे, खातं उघड, चष्म्यात दिसणारे आकडे मोबाइलमध्ये टाक. तोवर वायफाय जायचं. ते जमलं तर अपडेट सुरू झालं, ते जेवणं उरकली तरी संपेना. दुसऱ्या दिवशी आबांचा नंबरचा चष्मा आत मावेना. त्यासाठी आत बसवायची एक प्लास्टिकची चौकट खोक्यात होती, ती मी पॅकिंग समजून टाकून दिली होती. कचऱ्याच्या डब्यातून काढून धुतली. तिसऱ्या दिवशी हातातल्या कंट्रोलरनं जमिनीवर रेघ आखायची, तिच्या बाहेर गेलं की समोर जाळी दिसते. त्यासाठी टीपॉय, दिवाण आणि आईचं शिवणयंत्र मी एकटीनं सरकवलं. या तीन दिवसांत मी तुला सहा फोन केले. एकदा उचललास आणि म्हणालास, "अक्का, यूट्यूबवर बघ ना."

मग टेबल टेनिसचा खेळ सुरू झाला. तू तिकडे, आबा इकडे, टेबल आणि चेंडू दोघांच्या चष्म्यातच. पहिल्यांदा तू समोर दिसलास तेव्हा आबा घाबरले. "अरे, ललितचे पाय कुठी गेले?" तुझं नुसतं डोकं आणि दोन हात हवेत तरंगत होते म्हणे. तू हसलास, मग तेही हसले. आई गेल्यापासून चार वर्षांत ते असे हसले नव्हते. मी स्वयंपाकघरात पोळी लाटत उभी होते.

दीपनगरच्या वीजकेंद्राचा क्लब तुला आठवतच असेल. आबा कंट्रोल रूमची शिफ्ट संपवून थेट तिकडे यायचे, तुझ्या हातात बॅट द्यायचे आणि मला खुर्चीवर बसवून गुण मोजायला लावायचे. सात वर्षं मी तुमचे गुण मोजले. मला कधी कुणी बॅट दिली नाही, आणि मी मागितलीही नाही. एप्रिलपासून आमच्या हॉलमध्ये पुन्हा तेच सुरू झालं. रोज संध्याकाळ झाली की आबा दाढी करून तयार. मी लग्न मोडून परत आले त्याला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत त्यांची औषधं, आंघोळीचं पाणी, बँक, दवाखाना, सगळं मीच बघते. तरी येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकानं सांगायचे, "ललित रोज भेटतो मले."

ऑगस्टमधला तो बुधवार. मी कारखान्यात होते. तुझा फोन आला. तू स्वतःहून फोन केलास म्हणूनच मी दचकले. "अक्का, आबा बाथरूममध्ये घसरले. मला फोन केला त्यांनी. मी शेजारच्या प्रमिलाबाईंना कळवलंय, तू लवकर जा." मी पोचले तेव्हा प्रमिलाबाई आणि त्यांच्या मुलानं, किरणनं, त्यांना दिवाणावर निजवलं होतं. किरणला दिवाणाखाली तुझा तो चष्मा सापडला, तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, "बाथरूममध्ये पाय घसरला. सरकत बाहेर आलो." उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशनला तू दीड दिवसासाठी आलास. दवाखान्याच्या व्हरांड्यात धुळ्याहून आलेल्या सुगंधाआत्या होत्या, काका होते, प्रमिलाबाईही होत्या. सगळ्यांसमोर तू मला म्हणालास, "अक्का, फरशी ओली ठेवू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं होतं." तू मला हे एकदाही सांगितलेलं नव्हतं. पण सकाळी घाईत मी बाथरूम धुऊन गेले होते, हे खरं. मला वाटलं, असेल. आत्यांची सगळी हयात धुळ्यात गेली, राग आला की त्या तिकडचंच बोलतात. "पोरी, बठ्ठी चूक तुनीच शे," म्हणाल्या, सगळी चूक माझीच. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

त्यानंतरचे अडीच महिने मी कसे काढले ते तुला ठाऊक नाही. बाथरूममध्ये रबरी चटया टाकल्या. भिंतीला दोन ठिकाणी दांडे बसवून घेतले. आंघोळ झाली की गुडघ्यांवर बसून फरशी कोरडी करायची, मग पुन्हा हात फिरवून बघायची. कारखान्यात नळीतून पाण्याचा थेंब गळताना दिसला तरी हातातलं काम सोडून मी तो पुसायचे. त्यांना कुशीवर वळवताना ते कण्हले की मनात यायचं, हे माझ्यामुळे.

काल व्यायाम शिकवणारी मुलगी आली होती. तिनं आबांना वॉकर धरून उभं केलं आणि म्हणाली, "आबा, वजन हातांवर टाका, घाबरू नका." ते वजन टाकेचनात. ती समजावत राहिली, तेव्हा एकदम म्हणाले, "तवाबी टाकलं होतं वजन. दम लागला म्हणून टेबलावर हात टेकाले गेलो. टेबल नव्हतंच." तिला काही कळलं नाही. मला कळलं. ती गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. चष्म्यात टेबल इतकं खरं दिसत होतं की ते वाकले आणि उजव्या अंगावर कोसळले. तुला त्यांचं विव्हळणं ऐकू येत होतं. तू विचारलंस, "आबा, लागलं का?" आणि मग म्हणालास, "चष्मा काढून दिवाणाखाली सारा. अक्काला बाथरूम सांगा, नाहीतर ती हे बंद करेल." मोडलेल्या खुब्यानं त्यांनी तो चष्मा दिवाणाखाली सारला, ललित. मी त्यांना विचारलं, माझ्यावर आळ आला तेव्हा का बोलला नाहीत? म्हणाले, "तू तर इथीच आहेस. त्यो आला नसता मंग."

आता माझंही ऐक. मी नसताना खेळायचं नाही, असा नियम तुझं ते यंत्र आलं तेव्हा मीच केला होता. संध्याकाळी कारखान्यातून आले की मी त्यांच्याजवळ उभी राहायचे, तोल गेला तर धरायला. जूनमध्ये तो नियम मीच मोडला. एकट्यानं चष्मा कसा चढवायचा, खेळ कसा लावायचा, हे चार दिवस बसून त्यांना शिकवलं. त्यांना स्वावलंबी करायचं म्हणून नाही. तुमचं दोघांचं हसणं मला ऐकवत नव्हतं. मी घरी येण्याआधी, दुपारीच ते उरकून जावं, एवढंच मला हवं होतं. ही चूक माझी आहे आणि ती मी कुणावर ढकलणार नाही.

हे पत्र लिहिण्याचं कारण येता रविवार. धुळ्याला आत्यांकडे सगळे जमणार आहेत आणि आबांना नाशिकच्या वृद्धसेवा केंद्रात ठेवायचं ठरणार आहे. मला कुणी विचारलं नाही, काकांनी सांगितलं, "ललित म्हणतो, मोहिनीच्या हातात ते सुरक्षित नाहीत." आबांना तिथे जायचं नाही. पण तुझ्या तोंडावर ते तुला खोटं पाडणार नाहीत, हे मला माहीत आहे आणि तुलाही. किरणला दिवाणाखाली सापडलेल्या चष्म्यावरून काही सिद्ध होत नाही. म्हणजे त्या दुपारी काय झालं हे सांगू शकणारा माणूस एकच उरतो. मी आबांना घेऊन अकरापर्यंत पोचेन. जूनची माझी चूक मी सगळ्यांसमोर आधी सांगणार आहे. मग खाली बसेन, आणि तू बोलेपर्यंत तुझ्याकडे बघत राहीन. तू गप्प राहिलास तर तिथे मी भांडण करणार नाही. आबांना उठवून गाडीत बसवेन आणि परत घरी आणेन, त्या खोलीतल्या कुणाचीही परवानगी न घेता.

तुझी बहीण,
मोहिनी