पहाऱ्यावरची गाठ

१६ मार्च २०२५, रविवार

माफ कर. जानेवारीपासून एक ओळ लिहिली नाही. छातीत गाठ हाताला लागली त्या दिवशी पेन उघडलं होतं, आणि तसंच बंद केलं. लिहिलं की खरं होईल असं वाटलं. बी.एस्सी. झालेल्या बाईला असं वाटावं! पण वाटलं.

आता लिहिते. डाव्या बाजूला कॅन्सर निघाला. बुधवारी नागपूरला ऑपरेशन झालं. काल घरी, पांढुर्ण्याला आले. आणि — हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं — काखेतल्या ग्रंथीपर्यंत तो गेलेला नाही!! निदान ऑपरेशन सुरू असताना घाईने तपासलं तेव्हा तरी दिसला नाही. पक्का रिपोर्ट दहा-बारा दिवसांनी. तोवर उड्या मारू नयेत. मनातल्या मनात मारतेय.

डॉक्टरांनी निळा रंग टोचला होता. छातीतून काखेकडे बारीक वाटा जातात. रंग त्या वाटेने जातो, आणि जी ग्रंथी पहिल्यांदा निळी होते ती काढून तपासतात. तीच पहारेकरी. कॅन्सर घर सोडून निघाला असेल तर आधी तिच्याकडेच सापडायचा. तिच्याकडे नाही, म्हणजे पुढेही बहुतेक नाही. काखेतल्या बाकीच्या ग्रंथी राहिल्या. हात सुजायची भीती पुष्कळ कमी झाली.

एक गंमत मात्र कोणी आधी सांगितलीच नव्हती. ऑपरेशननंतर लघवी हिरवी! मी बाथरूममधून ओरडलेच. नर्स शांतपणे म्हणाली, "रंग आहे तो मॅडम, निघून जाईल." तोंडसुद्धा निळसर झालं होतं. सोबतीला कुसुमताई होत्या — सुखदेवची मोठी बहीण, माझी नणंद, माझ्यासाठी मोहगावहून संत्र्याची तोडणी सोडून आल्या. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अवं, बाबासाहेबांच्या जयंतीले अजून महिना आहे! तू आताच निळी होऊन बसली का?"

टाके ओढले जाईपर्यंत हसले.

१७ मार्च

छातीवर निळा डाग अजून आहे. आरशात पाहून मीच स्वतःला जयभीम केला!

१८ मार्च, मंगळवार

कॉलेजात लसिका संस्थेवर एक प्रश्न हमखास यायचा. मी तो नेहमी ऑप्शनला टाकायची. हृदयाची आकृती काढावी, लाल-निळ्या पेन्सिलीने रंगवावी! ही पाणीदार रसाच्या नळ्यांची जाळी कोण काढत बसणार? आता तिनेच मला गाठलं.

तर सध्या वाचतेय, आणि वाचलेलं घरात वाटतेय. आज स्वयंपाकघरात प्रवचन झालं. रक्तातून झिरपलेलं पाणी या नळ्या गोळा करतात. वाटेत जागोजागी चौक्या, म्हणजे ग्रंथी. चौकीत पांढऱ्या पेशी बसलेल्या. जंतू आला की तिथे अडवायचा. झटापट झाली की चौकी सुजते.

ताई भाकर थापत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "म्हंजे अवधाण?"

"अगदी तेच! पायाला काटा रुतला की जांघेत अवधाण येतं ना, ती सुजलेली ग्रंथीच."

"अन् हाताले रुतला त काखेत?"

"हो, काखेत."

त्यांनी उजवा तळहात पुढे केला. तोडणीत संत्र्याचा काटा रुतला होता, त्याचा वण. "मंग गाठ आली म्हंजे वाईटच, असं काही नाही."

"छे! गाठ आली म्हणजे पहारा जागा आहे!"

सुखदेव दारातून म्हणाला, "झालं! आता हिची रोज शाळा भरन." मी हसले. ताई हसल्या नाहीत, किती वेळ मान हलवत राहिल्या. काय छान समजावलं मी! शिक्षिकाच व्हायला हवं होतं, उगाच कलेक्टर ऑफिसात फायली सरकवत बसले.

२० मार्च

भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम. आज कालच्यापेक्षा वीतभर वर! ताई सोबत म्हणून शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनीही डावा हात वर नेला आणि झटक्यात खाली घेतला. "भाकर जळून राहिली वं!" म्हणत पळाल्या. तव्यावर भाकर नव्हतीच!! मी एकटीच हसत बसले.

२१ मार्च, शुक्रवार

इतका आनंद बरा का? वॉर्डात शेजारच्या खाटेवर तिगावच्या प्रेमलताबाई होत्या. त्यांची पहिलीच ग्रंथी भरलेली निघाली. मी हिरव्या लघवीवर खिदळत होते तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी पडदा तरी ओढायला हवा होता.

आणि माझा तरी पक्का रिपोर्ट कुठे आलाय? शिपाई ज्या वाटेने जातात त्याच वाटेने चोरही जातो. हे मंगळवारच्या प्रवचनात मी सांगितलं का? नाही. चांगलं तेवढंच सांगितलं. सध्या मला चांगलंच सांगायचं असतं.

२५ मार्च, मंगळवार

साफ! साफ! साफ!

सुखदेव नागपूरहून रिपोर्ट घेऊन निघाला आणि स्टेशनवरूनच फोन केला. नीट बोलता येईना त्याला. "सुप्रिया, काही नाही वं त्यात... काखेतल्या गाठीत काहीच नाही." रेडिएशनचा सेक घ्यावा लागेल, पुढे गोळ्याही असतील. असू देत!

विहारासमोर पोरींची जयंतीसाठी लेझीमची प्रॅक्टिस सुरू होती. मी तशीच गाऊनवर ओढणी घेऊन खाली गेले, एकीची लेझीम मागितली आणि खळखळ वाजवली. ताई वरून ओरडल्या, "हात सांभाळ वं, हात! येडी झाली का?" झाले!

वर आले तर त्या जिन्यातच बसून रडत होत्या. माझ्यापेक्षा जास्त. मी म्हटलं, "ताई, आता कशाला? साफ आहे ना!"

"म्हणूनच त," म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसलं. माझ्यावर इतकी माया! मला ठाऊकच नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

ताई उद्या मोहगावला परत जाणार होत्या. पिशवी भरून झाल्यावर त्यांनी दार लोटलं आणि माझा हात धरून आपल्या काखेत नेला. टणक. हलत नाही. दाबलं तरी दुखत नाही.

"संक्रांतीपासून आहे. काटा रुतला व्हता न. तू म्हटलं पहारा जागा आहे, तवा लय बरं वाटलं मले. आता जाता जाता वाटलं, तुले दाखवून त पाहू." मग माझं तोंड पाहून हसल्या. "मलेही निळी करतीन का वं? जयंतीच्या आंधी करतीन त बरं."

वण उजव्या हाताला आहे. गाठ डाव्या काखेत.

उद्या — ताईंना घेऊन सकाळच्या गाडीने नागपूर.