डबीत राहिलेली रिंग

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, पण आधी हे वाचा. मास्तरांच्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीच्या ऑइल पंपाची नवी रिंग डबीतच राहिली आहे. सकाळी तुम्ही गळकी जुनीच परत बसवलीत. चहा ठेवताना मी ते पाहिलं. माझं दुपारपर्यंत मौन होतं, म्हणून गप्प राहिले, अशी मनाची समजूत घातली. पण नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. काल मास्तरांसमोर तुम्ही म्हणालात, "तू आपली जपमाळ सांभाळ, गाडीतलं तुला काय कळतंय!" तो राग मी व्रताआड लपवला. मघाशी देवापुढे बसायला गेले, बसवेना.

मास्तर फोन उचलत नाहीत. तुम्हाला लावला, तर तो इथेच फळीवर वाजला. शाळा सुटली की ते लेकीला मागे बसवून घाट उतरतील. तेल गळून संपलं तर इंजिन जाम होऊन चाक अडकेल. त्यांना अडवायला मी रिक्षाने पुढे जाते. रिंग आणि पाना घेऊन शाळेत या. ते तुम्हाला बोल लावतील, त्याआधी माझी चूक मी सांगून टाकते.