सिनेमाचा दुसरा भाग

रविवार, संध्याकाळ

बायकोला, शैलाला घेऊन त्या यंत्रमानवाच्या सिनेमाचा दुसरा भाग बघून आलो. पहिला भाग पाहिला तेव्हा जुळे सोलापुरात घरी येईपर्यंत स्कूटरवर आमचं भांडण चाललं होतं, माणूस चुकला की मशीन. आज स्कूटरवर विचारलं, तर "बरा होता की," एवढंच.

घरी आल्यावर चहा टाकताना ती फोनमधल्या एआयशी बोलत होती. "माणूसच चुकला!" अगदी तावातावाने. मी दारातच थबकलो. हे स्कूटरवर का नाही काढलं? मी भांडलो असतो की!

फोन म्हणाला, "तुमचं अगदी बरोबर आहे." ती मोकळेपणाने हसली.

इतक्या वर्षांत हे वाक्य मला एकदाही सुचलं नाही. आता सुचून तरी काय?