किल्ला खाली का बांधला

ब्रिन्गोल, वेल्स
१२ ऑक्टोबर १९८६

प्रिय एनिडताई,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला जप. ठरल्याप्रमाणे नाताळात मी सामान घेऊन कायमची तुझ्याकडे कार्डिफला कधी निघणार असं विचारलंयस, ते शेवटी लिहिते. आधी किल्ल्याचं सांगू दे, नाहीतर माझं पोट फुटेल.

नदीकाठचा तो मातीचा उंचवटा, आपण लहानपणी घसरगुंडी करायचो तो. एवढी टेकडी मोकळी सोडून नॉर्मन सरदाराने आपला लाकडी किल्ला त्या खालच्या ओलसर जागी का उभारला? बाबा म्हणायचे, "प्यायला असेल." यंदा गावच्या इतिहास मंडळात ते कोडं सोडवायला मी आणि इदवाल प्रीस यांनी घेतलं. शाळेत भूगोल शिकवायचे तेच. आता निवृत्त आहेत.

टेकडीवरून पाहिलं, तर सकाळी खाली नुसतं धुकं. जिथून गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडता येते, तो उतार दिसतच नाही. खालच्या उंचवट्यावरूनही तेच. इदवाल हिरमुसले. मी म्हटलं, "पहारेकऱ्याला दिसत नसेल, पण ऐकू येत असेल तर?"

काल दाट धुक्यात मी उंचवट्यावर उभी राहिले आणि इदवाल पॉवेलांची घोडी घेऊन पाण्यात शिरले. ताई, एकेक टाप ऐकू आली. नाल दगडावर घासलेली, घोडीचं फुरफुरणं, सगळं. टेकडीवर उभ्या असलेल्या मंडळाच्या चिटणीसबाईंना काही म्हणजे काही नाही. चोरून नदी ओलांडणारा इथेच सापडणार, म्हणून किल्ला खाली. या वयात मी तिथे नाचले.

तेवढ्यात इदवाल हळूच घोडीशी बोलले, "तुझं बरं आहे, गवत मिळालं की झालं. ही बाई कार्डिफला निघाली, आता मी भांडू कुणाशी?"

मी वरून म्हटलं, "ऐकू आलं हं."

पाण्यातल्या टापा थांबल्या. मग आवाज आला, "किती?"

"सगळं."

"मग उत्तर द्या की."

मी दिलं.

ताई, मी कार्डिफला राहायला येत नाहीये. माझे त्रेफोर गेले तेव्हा तू महिनाभर माझ्या उशाशी बसलीस. तुझं एकटेपण मला ठाऊक आहे, म्हणूनच लिहायला इतकं लांबवलं. आमचं लग्न जानेवारीत, आपल्याच चॅपलमध्ये. रागावलीस तर रागासकट ये. पण ये. माझ्या बाजूने उभं राहायला दुसरं कोण आहे मला?

तुला दिलेला शब्द मोडून सुखात असलेली,
तुझी धाकटी
ग्लेनिस