अकराव्या परिच्छेदातलं आमंत्रण

ती. आक्कास,

कंग्राळीहून धाकट्या महादेवचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला कसा आहे? काल तुझा ‘येतो की रं’ असा फोन आला आणि दोन महिन्यांनी मला पोटभर जेवण गेलं.

आता चूक कुणाची ते सांगतो (माझीच). बाळाच्या बारशाचं आमंत्रण मी घरच्या ग्रुपवर अकरा परिच्छेदांत लिहिलं. वीस वर्षं शाळेत निबंध शिकवतो, प्रस्तावनेशिवाय हात चालत नाही. आधी हवापाणी, मग दुपट्यांबद्दल मेहुणीचे आभार, मग कणकुंबीच्या फणसाचा पाळणा कसा आला त्याची हकीगत (ती खरंच वाचण्यासारखी आहे). ‘नाव आक्कानेच ठेवायचं, तिला आणायला गाडी पाठवतो’ हे अकराव्यात. मोबाइलवर चार ओळींनंतर ‘आणखी वाचा’ येतं आणि तिथं कुणाचं बोट जात नाही, हे मला काय माहीत? तू मेहुणीपर्यंत वाचलंस, मान तिला दिला असं समजलीस आणि ग्रुप सोडून गेलीस. फोनही उचलेनास.

बाराव्या दिवशी बायका पाळण्याभोवती जमल्या. आत्या नाही म्हणून मालुबाई काकू बाळाच्या कानाशी वाकल्या, तर मीच आडवा आलो. माझ्या लेकीच्या कानात पहिलं नाव तुझ्याच तोंडून जायचं. तेव्हापासून दवाखान्याच्या कार्डावर ‘नीलमचं बाळ’ एवढंच आहे.

शेवटी परवा नीलमने फोन ओढून घेतला. “लोक वाचत न्हाईत वो, नुसतं चाळत्यात. कामाचं वर घाला!” तिने तीनच ओळी केल्या. पहिली ठळक अक्षरांत: आक्का, नाव तुम्हीच ठेवायचं. खाली रविवार, सकाळी दहा. त्याखाली गाडी शनिवारी निपाणीला येईल. “आणि पाळणा?” मी विचारलं. ती म्हणाली, “त्यो पत्रात घाला.” तो तीन ओळींचा निरोप तुझ्या नंबरवर पाठवला आणि काल तुझा फोन. उंबऱ्यावर बसून रडलो गं.

तुझा,
महादेव

ता. क. तू पत्र खालून वाचतेस, म्हणून कामाचं इथं: नाव तुझ्या मनाचं ठेव, फक्त आखूड ठेव. कार्डावर जागा कमी आहे.

ता. क. २. बारशात पाळण्याची हकीगत सांगायला मला दहा मिनिटं द्यायला नीलमला सांग. तुझं ती ऐकते.

ता. क. ३. ग्रुपमध्ये परत ये. तू गेल्यापासून माझं लिहिलेलं कुणी वाचत नाही. तूही वाचत नव्हतीस हे आता कळलं, तरी ये.